दाढ तुटली आहे, पण डेंटिस्टकडे जायची भीती वाटते. थांबलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की चिक्की खाताना खालची उजवीकडची दाढ तुटली. जिभेकडचा कोपरा उडाला, आता तिथली धार जिभेला टोचते. त्या दाढेवर बरीच वर्षं काळा डाग होता. गार पाणी लागलं की सणक जाते, पण दोन-चार सेकंदांत थांबते. लहानपणी एका दवाखान्यात हातपाय धरून तुमची दाढ काढली होती, त्यानंतर तुम्ही कुणालाच दात दाखवले नाहीत. परवा जिन्यापर्यंत गेलात आणि माघारी आलात. आता विचारताय की ठणका तर लागलेला नाही, मग आणखी थोडं थांबलं तर चालेल का.

थांबू नका. तुम्हाला भीती वाटते म्हणूनच थांबू नका, असं मी सांगेन. मी बरीच वर्षं दातांची प्रॅक्टिस करते आहे आणि घाबरलेल्या प्रत्येक पेशंटला भूल कशी काम करते हे आधी समजावते. ते कळलं की लहानपणी तुमच्या बाबतीत काय झालं असेल, त्याचाही उलगडा होतो.

भुलीचं औषध, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन, नसेच्या जवळ टोचतात. तिथून नसेच्या आवरणातून आत शिरल्याशिवाय ते काम करत नाही. त्या औषधाचा विद्युतभार नसलेला भागच आत शिरू शकतो. दाताभोवती सूज असली, पू झाला असला, की त्या जागेची आम्लता वाढते आणि आत शिरू शकणारा हा भाग कमी होतो. इंजेक्शन तेवढंच दिलेलं असतं, पण नसेत पोचणारं औषध कमी पडतं. त्यात ठणकणाऱ्या दाताची नस आधीच इतकी चेतवलेली असते की एरवी पुरणारी भूल तिला पुरत नाही. खालच्या दाढांना तर आणखी एक अडचण आहे. तिथलं हाड जाड असल्यामुळे औषध त्यातून झिरपत नाही, म्हणून जबड्याच्या मागे, नस हाडात शिरते त्या ठिकाणीच ती बधिर करावी लागते. ठणका लागलेल्या खालच्या दाढेला पहिल्याच इंजेक्शनात पुरती भूल चढली नाही, हा आम्हा सगळ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

तुम्हाला लहानपणी नेलं, ते बहुधा रात्र-रात्र रडल्यावर, गाल सुजल्यावर. त्या सुजेत भूल पुरेशी चढली नसणार, आणि ती चढेपर्यंत कुणी थांबलंही नसणार. तुम्हाला दुखलं ते खरंच दुखलं. तुम्ही भित्र्या होतात म्हणून नव्हे. पण आजची दाढ त्या अवस्थेत नाही. गार लागल्यावर सणक येऊन लगेच थांबते, याचा अर्थ आतली नस जिवंत आहे आणि बहुतेक अजून सावरण्याजोगी आहे. अशा शांत दाढेला भूल नीट चढते. याच दाढेला दोन महिन्यांनी मध्यरात्री ठणका लागला आणि तुम्ही नाइलाजाने पहाटे धावत गेलात, तर लहानपणीचाच प्रसंग पुन्हा घडायची शक्यता वाढते. मग भीती दुप्पट होते, पुढची भेट आणखी लांबते, आणि पुढच्या वेळी दात आणखी बिघडलेला असतो. हे दुष्टचक्र उल्फ बर्गग्रेन या स्वीडिश दंतवैद्याने १९८४ साली मांडलं. आमच्या खुर्चीवर ते रोज दिसतं.

आता दाढेविषयी. बाहेरच्या पांढऱ्या कठीण थरात, इनॅमलमध्ये, संवेदना नसते. नुसता त्याचाच टवका उडाला असता तर गार लागलं नसतं आणि धार घासून किंवा दाताच्या रंगाचं सिमेंट लावून काम झालं असतं. तुम्हाला गार लागतंय, म्हणजे त्याखालचा पिवळसर थर, डेंटिन, उघडा पडलाय. त्यात नसेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. याच टप्प्यावर काम केलं तर बऱ्याचदा कीड कोरून सिमेंट भरणं किंवा वरून कॅप बसवणं एवढ्यावर भागतं. नसेचं काम, म्हणजे रूट कॅनल, टळू शकतं.

पुढची पायरी ओळखायची ती अशी: सणक गार लागून गेल्यावरही रेंगाळायला लागते, चहा लागला तरी दुखतं, काही न खाता-पिता ठणका सुरू होतो, आडवं झालं की वाढतो. तेव्हा नस सावरण्यापलीकडे गेलेली असते आणि रूट कॅनल लागतं. त्यानंतर एक दिवस येतो, जेव्हा दुखणं आपोआप थांबतं. कृपा करून त्या दिवशी फसू नका. घाबरलेले पेशंट इथेच सुटकेचा श्वास टाकतात आणि वर्षभर येत नाहीत. नस मेल्यामुळे दुखणं थांबलेलं असतं. मेलेल्या नसेत जंतू वाढत राहतात, मुळाच्या टोकाशी हाड झिजत जातं, आणि एके दिवशी हिरडीवर पुळी किंवा गालावर सूज येते. चावताना नव्हे, चावून दात सुटताना कळ येत असेल तर दाढेला बारीक चीर गेलेली असू शकते. ती एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, तेव्हा हे लक्षण डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

भेट ठरेपर्यंत घरी काय करायचं? त्या बाजूने चावू नका, पण ब्रश करणं सोडू नका. लोक नेमके दुखऱ्या बाजूला ब्रश लावत नाहीत आणि तिथेच घाण साचते. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. धार जिभेला कापत असेल तर दातांच्या तारांसाठी औषधाच्या दुकानात मेण मिळतं, त्याची गोळी तिथे दाबा. ते नाही मिळालं तर साखर नसलेलं च्युइंगम चघळून लावलं तरी रात्र निघते. तुटलेला तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडायचा प्रयत्न कुणी करू नये. लवंगेच्या तेलाचा उपयोग होतो, त्यातलं युजेनॉल खरंच दाह कमी करतं. पण कापसाच्या बोळ्याला थेंबभर लावून तो दातावरच ठेवायचा, हिरडीवर ओतायचं नाही, चटका बसतो. ॲस्पिरिनची गोळी गालात दाबून धरण्याची पद्धत तर फार वाईट. गालाचं आतलं कातडं पांढरं पडून सोलून निघालेलं मी अनेकदा पाहिलंय.

मशेरी आणि तंबाखूबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे दुखऱ्या दाढेखाली तंबाखूची चिमूट ठेवणं किंवा मशेरी लावणं हा घरोघरचा उपाय आहे, विशेषतः ज्या बायकांना दवाखान्यात जायला सवड किंवा पैसे मिळत नाहीत त्यांच्यात. त्याने घटकाभर बरं वाटतं, म्हणून ते दोनदा, चारदा होतं आणि सवय लागते. हिरड्या उतरतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका मागे लागतो. दात दुखतो म्हणून सुरू झालेली मशेरी दात काढल्यावरही सुटत नाही. तुमच्या घरात कुणी हा उपाय सुचवत असेल तर त्या व्यक्तीचेही दात एकदा दाखवून घ्या.

गोळ्यांचं म्हणाल तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम मोठ्या माणसाला सहा-सहा तासांनी चालते. यकृताचा त्रास असेल किंवा दारू जास्त होत असेल तर आधी विचारा. मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका यांपैकी काही नसेल तर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर जास्त गुण देते, कारण ती दाहावर काम करते. खालच्या दाढेला ठणका असेल तर आम्ही कधीकधी ती इंजेक्शनच्या तासभर आधी मुद्दाम घ्यायला लावतो, भूल जास्त चांगली चढते. कीटोरोलॅकची पाण्यात विरघळणारी गोळी मात्र दुकानातून आणून आठवडाभर घेत बसू नका. ती पाच दिवसांच्या वर घ्यायची नसते, आणि मूत्रपिंडाला, पोटाला महाग पडते. अँटिबायोटिक स्वतःहून तर नकोच. दुखऱ्या नसेच्या आत ते काम करत नाही. सूज पसरत असेल, ताप असेल तरच त्याला अर्थ आहे, आणि तेव्हासुद्धा दात उघडून पू काढणं हाच खरा उपचार.

आता तुमच्या भीतीकडे येते. धारेवर मेण लावून दाढ थोपवता येते, भीती तशी थोपवता येत नाही.

पहिल्या भेटीत काहीही करून घ्यायचं नाही, असं ठरवूनच जा, आणि तसं डॉक्टरांना सांगा. बसायचं, बोलायचं, तोंडात छोट्या आरशाने बघू द्यायचं, एक एक्स-रे काढायचा, आणि घरी यायचं. एक्स-रेला सुई लागत नाही, दात कोरायचं मशीन लागत नाही. यात पैसे फुकट गेले असं मुळीच नाही. कीड नसेच्या किती जवळ गेलीय हे त्याच दिवशी कळतं, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच न दुखता तुम्ही त्या खुर्चीतून उठता. दुसऱ्या भेटीला हा अनुभव फार उपयोगी पडतो.

भीती मोजायची एक सोपी प्रश्नावली १९९५ पासून जगभर वापरली जाते. पाच प्रसंग असतात: उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, बाहेर नंबराची वाट बघताय, दात मशीनने कोरणार आहेत, दात साफ करून पॉलिश करणार आहेत, हिरडीत भुलीचं इंजेक्शन देणार आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र समजतात. घरी कागदावर हे करा. मला बेरजेपेक्षा कुठल्या ओळीवर पाच पडलेत ते जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजेक्शनवर पाच आणि मशीनवर दोन असलेल्या माणसासाठी मी वेगळं वागते, वाट बघण्यावर पाच असलेल्यासाठी वेगळं. तो कागद सरळ डॉक्टरांच्या हातात द्या, बोलावं लागत नाही.

इंजेक्शनचं सांगते. आधी त्या जागेवर बधिर करणारं जेल लावून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं असतं. मग सुई बारीक हवी आणि औषध हळूहळू सोडायला हवं. टोचण्यापेक्षा औषध घाईने सोडल्याने येणारा ताणच जास्त दुखतो. त्यामुळे ‘हळू द्या, मला चालेल’ असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा थोडं ॲड्रिनलिन असतं, आपल्याकडे साधारण ८०,००० भागांना एक भाग, म्हणजे भूल जास्त वेळ टिकते. त्याने काहींना इंजेक्शननंतर मिनिटभर छातीत धडधडतं, हात थरथरतात. घाबरलेल्या माणसाला वाटतं की औषध बाधलं, आणि पुढे आयुष्यभर तो ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ असं सांगत राहतो. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फारच दुर्मीळ आहे. धडधड लवकरच ओसरते. हृदयविकार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, गरोदर असाल तर आधी सांगा, पण कुठलीही गोळी स्वतःहून बंद करून जाऊ नका.

ओठ जड वाटायला लागला, जीभ जाडी वाटायला लागली की मगच काम सुरू होऊ द्या. खालच्या जबड्याला यासाठी पाच मिनिटं, कधी जास्तही लागतात. भूल चढल्यावर दुखत नाही, पण दाब आणि कंप कळतो. हा फरक आधी माहीत नसला तर दाब जाणवताच माणूस घाबरतो. आणि खरंच दुखलं तर डावा हात वर. हात वर होताच डॉक्टरांनी थांबायचं, हे सुरू करण्याआधी तोंडाने ठरवून घ्या, आणि एकदा उगाचच हात वर करून ते थांबतात का बघा. मी स्वतःच पेशंटला असं करायला सांगते. थांबवण्याची ताकद आपल्या हातात आहे हे एकदा अनुभवलं की पुष्कळांना पुन्हा हात वर करावाच लागत नाही. दुखलं तर आणखी भूल देता येते. दाताच्या मुळाशेजारी, गरज पडली तर थेट नसेतही. ‘थोडं सहन करा’ म्हणून काम पुढे रेटणारा डॉक्टर तुमच्यासाठी नाही. उठून या.

श्वासाचं तंत्र उपयोगी आहे: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. पण सुई किंवा रक्त बघून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट उलटी असते. त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो, अंग सैल सोडल्याने तो आणखी उतरतो. अशांनी मांड्या, पोट, दंड दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे, आणि इंजेक्शन आडवं पडूनच घ्यायचं. तुम्ही यांतल्या कोणत्या ते तुम्हालाच आठवेल. दोघींनाही एक सूचना सारखीच: उपाशी जाऊ नका. भाजी-भाकरी नीट जेवून जा, नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असताना जेवता येत नाही, गाल चावला जातो.

एवढं करूनही पाय जिन्यावरच थिजत असतील तर पुढचे मार्ग आहेत. नाकावरच्या छोट्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर नायट्रस ऑक्साइड वायू देतात. तुम्ही जाग्या असता, बोलता, पण भीतीची धार बोथट होते, आणि मास्क काढल्यावर थोड्याच वेळात डोकं स्वच्छ होतं. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ साली तो स्वतःची दाढ काढून घेताना वापरला होता. आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काही दवाखान्यांत ही सोय असते, फोनवर विचारा. झोपेच्या अंगाची गोळी डॉक्टरांनीच द्यायची, सोबत कुणीतरी न्यायचं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. भीती दातांपुरती न राहता रात्रीची झोप उडवत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे काही बैठका घ्या, अशा भीतीवर त्यांच्याकडे चांगले उपचार आहेत.

‘काढूनच टाका एकदाची’ असं घाबरलेले पेशंट मला नेहमी म्हणतात. त्यांना वाटतं की एकदाच सोसायचं आणि सुटायचं. पण तुटलेली दाढ काढणं रूट कॅनलपेक्षा सोपं असतंच असं नाही. पकडायला वरचा भाग नसला की मुळं वेगळी करून काढावी लागतात, दाब भरपूर लागतो, आणि नंतर जखम भरेपर्यंत दुखतं, त्यात तंबाखू खाणाऱ्याला जास्तच. रूट कॅनलमध्ये ओढाताण नसते, बहुतेक वेळ तोंड उघडून पडून राहायचं असतं. दाढ गेली की वरची दाढ खाली उतरते, शेजारच्या कलतात. अर्थात चीर मुळापर्यंत गेली असेल तर काढण्यावाचून इलाज नसतो, आणि तेव्हा मी स्वतःच काढायला सांगते. ‘दाढ काढली की नजर जाते’ यात तथ्य नाही. दातांची नस वेगळी, डोळ्याची नस वेगळी. आणि रूट कॅनल झाल्यावर दुखायचं थांबलं म्हणून कॅप टाळू नका, कोरलेली दाढ पुन्हा चिक्कीवर उभी फुटते, आणि तशी फुटलेली वाचत नाही.

खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे खाजगीपेक्षा पुष्कळ कमी पैशात काम होतं. तिथे गर्दी असते, वाट बघावी लागते. वाट बघणं हीच तुमची मोठी भीती असेल तर सोबतीला कुणाला तरी न्या.

एका परिस्थितीत मात्र भीतीचा विचार करत बसू नका. जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज येऊन पसरतेय, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदललाय, ताप आहे, श्वासाला त्रास होतोय, असं काही झालं तर दाताचा दवाखाना शोधू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, रात्र असली तरी. ती सूज श्वासनलिका बंद करू शकते.

आज यातलं काहीही नाही, म्हणून आज फक्त एक फोन करा. स्वतःला जमत नसेल तर घरच्या कुणाला करायला सांगा. म्हणायचं एवढंच: ‘खालची दाढ तुटली आहे, गार लागतं, ठणका नाही. मला दातांच्या कामाची फार भीती वाटते. पहिल्या दिवशी फक्त बघायचं आणि एक्स-रे काढायचा, चालेल का? सकाळची पहिली वेळ द्या.’ पहिली वेळ मागा, म्हणजे दिवसभर धास्ती घेऊन बसावं लागत नाही, बाहेर दुसऱ्याच्या मशीनचा आवाज ऐकत थांबावं लागत नाही, आणि डॉक्टरांनाही घाई नसते. पलीकडून हसले किंवा ‘एवढ्याशा गोष्टीला काय घाबरता’ असं म्हणाले, तर फोन ठेवा आणि दुसरीकडे लावा.